मिसर सोडला, फारो सोडला का?

मुक्तीच्या गाण्यांना आपल्याकडे तोटा नाही. जयंतीच्या मंडपात बेड्या तुटतात, टाळ्या पडतात, मंडप उठतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेत कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, निवाडा कोण करणार, खालची कामं कुणाच्या बोडक्यावर, हे विचारायला तिथं कुणी उरलेलं नसतं.

हा दुसऱ्या दिवसाचा सवाल बायबलात फार उघडपणे आलाय. लगेच काहींच्या भुवया चढतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना बायबल कशाला? नका घेऊ त्यातला देव. झुडपातून मोशेशी बोलणारा देव आपल्याला नकोच आहे. मिसरच्या जुन्या नोंदींत ह्या निर्गमाचा मागमूस लागत नाही, हेही माहीत असू द्या. पण एका जमातीनं आपण गुलामांची अवलाद आहोत हे छाती काढून लिहून ठेवलं, आणि सुटल्यावर आपल्याच पुढाऱ्यांनी काय शेण खाल्लं तेही झाकलं नाही. असला कागद हाताला लागला तर वाचावा. आपल्या पोथ्यापुराणांत तो मिळायचा नाही.

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी वाचला. हॅरिएट टबमनला त्यांनी मोशे म्हटलं. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझनं १९७१ साली मुक्तीचं धर्मशास्त्र मांडलं, त्यातही निर्गम आहेच. आपल्या मराठी मुलखातले अरविंद निर्मळ १९८१ साली बंगळुरात ह्याच वाटेनं बोलले आणि पुढं दलित धर्मशास्त्र उभं राहिलं. सगळं खरं. पण आपल्या भाषणांत ही गोष्ट समुद्र दुभंगला की संपते. खरी गोष्ट तिथनं पुढं सुरू होते.

समुद्र ओलांडून दिवस किती झाले म्हणता? लोक रडायला लागले. मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवले. पाठीवरचा कोरडा विसरले, कांदा तेवढा ध्यानात राहिला! वाळवंटात मान्ना मिळायचा, तो ज्याच्या त्याच्या गरजेपुरता. साठवून ठेवला त्याच्या मान्न्यात सकाळी किडे. चाळीस वर्षं गेली. सुटलेली पिढी जवळजवळ सगळी वाटेतच संपली. सुटका एका रात्रीत झाली, पण गुलामाचा माणूस व्हायला सगळी हयात पुरली नाही.

मग कायदे केले. तुम्ही मिसरात परके होता, तेव्हा परक्याला छळू नका. सातव्या वर्षी कर्ज माफ. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याला परत, गुलाम झालेला भाऊबंद मोकळा. वाचताना ऊर भरून येतो. पण घाई करू नका, त्याच प्रकरणात आणखी खाली वाचा. परक्या जमातीतला गुलाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या वारशानं ठेवायची मुभा आहे. आपला तो भाऊ आणि दुसरा तो माल. घाण इथनं सुरू होते.

कनानात शिरल्यावर यरीहोत माणसं, बाया, पोरं, म्हातारी कापली. गिबोनी लोक जिवाच्या भीतीनं बुरसलेली भाकरी आणि फाटकी पायताणं दाखवून, आम्ही लांबचे आहोत, असं सांगत शरण आले. त्यांना जीवदान मिळालं. कोणत्या अटीवर? सगळ्या मंडळीची लाकडं तोडायची, पाणी वाहायचं. गावाची लाकडं फोडून ज्यांच्या आज्यांचे हात फाटले त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला लागू नये. रॉबर्ट ॲलन वॉरियर ह्या अमेरिकेतल्या मूळनिवासी लेखकानं १९८९ साली हेच विचारलं : तुमच्या मुक्तीच्या गोष्टीत आम्ही कोण? आम्ही तर कनानी.

पुढं लोकांनी राजा मागितला. शमुवेलानं बजावलं की तो तुमची पोरं घेईल, पोरी घेईल, शेतं घेईल. ऐकतो कोण? शलमोन आला. फारोची लेक बायको करून आणली आणि फारोची वेठबिगारही घरात आणली. तीस हजार माणसं वेठीला धरली, पाळीपाळीनं लबानोनात धाडली. त्याच्या पोरानं, रहबामानं, आसूड आणखी कडक केला. लोकांनी वेठीचा मुकादम दगडांनी ठेचला, राज्याचे दोन तुकडे झाले. मिसरातनं बाहेर काढलेला फारो आता आपल्याच भाषेत बोलत होता.

बाबेलातनं परत आल्यावरची गोष्ट तर मुद्दाम वाचा. नहेम्या यरुशलेमचा पडका कोट बांधायला निघाला. सोनार, अत्तरवाले, जो तो आपल्या घरासमोरचा तुकडा बांधतोय. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या पोरीही कामावर आल्या. फक्त तकोवच्या बड्या लोकांनी खांदा दिला नाही. त्यांचं नाव त्यासाठी कायमचं लिहून ठेवलंय. कोट बावन्न दिवसांत उभा राहिला. पण काम चालू असतानाच बायाबापड्यांचा आक्रोश उठला. शेतं गहाण, पोरी दासी, आणि सावकार कोण? परका नाही, आपलेच भाऊबंद! नहेम्यानं भर सभेत त्यांना झाडलं, शेतं आणि व्याज परत करायला लावलं. शाबास. पण ह्याच नहेम्यानं परजातीच्या बायका केलेल्यांचे केस उपटले, आणि एज्रानं असल्या बायका पोरांसकट घालवून द्यायला लावल्या. कोट बांधता बांधता मनातही कोट उभा राहिला. बायबलानं मात्र त्याच जिल्दीत रूथलाही जागा दिलीय. मवाबी, म्हणजे दहा पिढ्या मंडळीत येऊ न देण्याच्या जमातीतली. ती निघाली दावीद राजाची पणजी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : सोसलेल्या गुलामीची आठवण ही समाजाची ओळख असेल, तर ती आठवण अंगावरचं कर्ज आहे. आपल्या खाली जो असेल त्याला ते फेडावं लागतं. तीच आठवण मिरवायची सनद झाली की नवा फारो तयार.

आता घरात बघा. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्याचे किती गट झाले मोजा. १९७२ ची पँथर १९७४ ला फुटली. शमुवेलाचं आपणही ऐकलं नाही. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. बाजूनं बोला, विरोधात बोला, आकडे मांडा, कडाडून भांडा. पण ‘चळवळ आम्ही केली, शिकलो आम्ही, तुम्ही मागं राहिलात ते तुमच्या कर्मानं’ असं मातंगाला ऐकवणारा आंबेडकरवादी कसला? कर्माचा सिद्धांत नागपुरात टाकून आलो ना आपण? आणि जात सुटली नाही, फक्त धर्म बदलला, त्या ख्रिस्ती महार-मांगांना १९५० च्या आदेशानं यादीबाहेर ठेवलं. बौद्धांना ती सवलत १९९० साली मिळाली. आपलं झाल्यावर त्यांच्यासाठी किती मोर्चे काढले?

पुढच्या बैठकीत भाषण नको, हिशोब मांडा. कमिटीत मातंग किती, चर्मकार किती, भटके किती, बाया किती? वस्तीत व्याजानं पैसे कोण लावतो? नळ कुणाच्या गल्लीत आहे? सभेच्या सतरंज्या कोण उचलतो आणि माईक कुणाच्या हातात असतो? सतरंज्या उचलणारा दर वेळी तोच असेल, तर आपल्यातला गिबोनी सापडला म्हणून समजा. त्याच्या हातात आधी माईक द्या. मग मुक्तीवर बोलू.

जय भीम!