मेळावा कुणाच्या सोयीने?

बोर्डीत १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा गरीब वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी आईबापांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ही अशी जन्मली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज मात्र अंगणवाडीचा पालक मेळावा भरतो तो बहुधा भर दिवसा. ऐन सोयाबीनच्या काढणीत कोणती आई त्या वेळी घरी सापडणार? जी मजुरी बुडवून येते, तिला आहारावरचं भाषण ऐकवलं जातं, रजिस्टरवर सही घेतली जाते, फोटो निघतो. घरात डाळ किती दिवसांनी शिजते, पैसा कुणाच्या हातात असतो, हे तिला कुणी विचारत नाही. बापाला तर निरोपही जात नाही. यात अंगणवाडी सेविकेला दोष देणं अन्यायाचं ठरेल. ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवरच्या नोंदी आणि आहाराचं वाटप यांतून तिला घरोघरी बसायला वेळच उरत नाही.

गडचिरोलीत वेगळं घडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. गावातलीच बाई आरोग्यदूत झाली. ती बाळंतिणीच्या खाटेशी बसून बाळाचं वजन करी, मिनिटभर श्वास मोजी, ऊब कशी द्यायची, अंगावर कसं पाजायचं ते दाखवी. कोणती लक्षणं दिसली की तिला बोलावून घ्यायचं, हे आईला आणि घरातल्या बायांनाही ठाऊक झालं. आरोग्यदूत देई त्या प्रतिजैविक इंजेक्शनांचा वाटा मोठा होताच, पण बाळ सुस्तावलंय हे आधी दिसतं ते आईला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले, २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत देशभर अशा घरभेटी सुरू केल्या.

तेव्हा मेळाव्यांची संख्या मोजणं थांबवा. सभा दिवेलागणीनंतर घ्या, बापालाही बोलावा. सेविकेच्या कागदांचा भार उतरवा आणि घरभेटीचा वेळ तिच्या कामाच्या तासांतच धरा. मेळघाटातून मजुरीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाच्या हाती मुलाच्या वजनाचं, लसींचं कार्ड द्या आणि त्यातली रेघ कशी वाचायची, हे निघण्याआधी आईबाप दोघांनाही शिकवा.