कोंबडीच्या खाद्यातले जिवाणू

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तातला क्लेब्सिएलासारखा जिवाणू एकामागून एक प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला की डॉक्टर नाइलाजाने कोलिस्टिनकडे वळतात. मूत्रपिंडाला त्रास देणारे हे जुने औषध एकेकाळी जवळजवळ अडगळीत गेले होते. हेच औषध भारतात कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, तेही बऱ्याचदा धडधाकट कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडले. २०१९ मध्ये भारताने पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली.

बंदी योग्यच होती. पण ब्रॉयलरचा हिशेब तिने बदलला नाही. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या पुढे जायला हवा, आणि किलोभर वजनासाठी साधारण दीड ते पावणेदोन किलो खाद्य लागते. आतडे बिघडले की खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून आता खाद्यात प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू, घातले जातात.

कल्पना साधी आहे. अंगणातले पिल्लू आईमागे उकिरडा उकरता उकरता तिच्या आतड्यातले जिवाणू मिळवते. हॅचरीतल्या पिल्लाला आई दिसतच नाही. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले, तेव्हा साल्मोनेलाला त्यांच्यात पाय रोवणे अवघड गेले. एसटीत आधीच रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार!

आज यासाठी लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस हे जिवाणू प्रामुख्याने वापरतात. बॅसिलस बीजाणूंच्या रूपात असल्यामुळे गोळी-खाद्य बनवतानाची उष्णता सोसतो; लॅक्टोबॅसिलसला ती सहसा सोसत नाही.

मात्र वजनवाढीचे निकाल सगळीकडे सारखे नाहीत. एकाच नावाच्या जिवाणूचे दोन वाण वेगळे वागतात. शेडमध्ये तूस ओले असेल, दाटी असेल, पाणी गढूळ असेल, तर कोणतीही पुडी पक्ष्यांना तारणार नाही. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली, युरोपीय संघाने २००६ मध्ये. तिथेही स्वच्छता आणि हवा यांकडे नीट लक्ष द्यावेच लागले. एकाच पोत्यात प्रतिजैविक आणि प्रोबायोटिक दोन्ही घालणे तर शुद्ध उधळपट्टी. पहिले दुसऱ्याला मारू शकते, आणि प्रतिरोधाचा धोका तसाच राहतो. काही प्रोबायोटिक जिवाणूच प्रतिरोधाची जनुके बाळगून असतात. त्यांची तपासणी बाजारात येण्याआधीच व्हायला हवी.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेतकऱ्याचे शेड, वीजबिल आणि जागरण. पोत्यात काय आहे हे त्याला अनेकदा ठाऊकही नसते. म्हणून जिवाणूचा वाण, दर ग्रॅममधली जिवंत संख्या, मुदत आणि मिसळलेले प्रत्येक प्रतिजैविक पोत्यावर मराठीत छापणे कंपनीला बंधनकारक हवे. चिकन नीट शिजवले की जंतू मरतात, हे खरे. पण प्रतिरोधक जिवाणू फक्त ताटातून येत नाहीत. शेडमधली विष्ठा खत म्हणून शेतात जाते, आणि ती उपसणाऱ्या माणसाचे हात उघडेच असतात.