अस्वलाचे रान, लांडग्याचा माळ

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात हिंगणी हे गाव आहे. गाव मागे पडले की रस्ता बोर धरणाकडे जातो, कापूस-तुरीची शेते हळूहळू विरळ होतात आणि साग, ऐन, तेंदू, मोह व बांबूचे रान सुरू होते. १९७० साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१४ मध्ये ते देशातील सत्तेचाळिसावा व्याघ्रप्रकल्प ठरले. क्षेत्रफळ मात्र अवघे १३८ चौरस किलोमीटर. देशातील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत बोरची गणना होते.

हिंगणी, बोरधरणच्या वाटेने येणारा पर्यटक बहुधा वाघासाठी येतो. वाघ दिसला तर सफर सफल, न दिसला तर पैसे वाया, असा सरळ हिशेब त्याच्या मनात असतो. त्या हिशेबात अस्वलाला जागा नसते. वाटेत अस्वल आडवे गेले तर दोन छायाचित्रे घेऊन गाडी पुढे निघते. वस्तुतः विदर्भाच्या रानातील सर्वांत विलक्षण प्राण्यांपैकी अस्वल एक आहे आणि ते पाहण्यासाठी संयम लागतो तो वाघाहून वेगळ्या प्रकारचा.

आपल्याकडील अस्वल मांसासाठी शिकार करीत फिरत नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, तेंदूची फळे आणि मोहाची फुले हा त्याचा मुख्य आहार. वाळवी खाण्यासाठी निसर्गाने त्याचे तोंडच वेगळे घडविले आहे. वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते आधी फुंकर घालून माती उडविते, मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. त्या वेळी नाकपुड्या मिटून घेते, म्हणजे धूळ आत जात नाही. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत रानात बराच दूरवर ऐकू येतो. अनुभवी वाटाड्या डोळ्यांआधी कानांनी अस्वल शोधतो, ते यामुळेच. बोटभर लांब वाकड्या नखांनी उकरलेले वारूळ, झाडाच्या सालीवरचे ओरखडे, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा, या खुणा वाचता येऊ लागल्या की अस्वल न दिसताही सफर रिकामी जात नाही.

अस्वलाची पिले हिवाळ्यात गुहेत जन्मतात. बाहेर पडल्यावर ती आईच्या पाठीवर, तिच्या लांब केसांना घट्ट धरून प्रवास करतात. पिलांना असे पाठीवर वागविण्याची सवय जगातील इतर अस्वलांत नेमाने आढळत नाही. पुढे दोन-अडीच वर्षे ती आईसोबतच राहतात. पाठीवर दोन पिले घेऊन पाणवठ्याकडे निघालेली अस्वलीण हे दृश्य टिपावे, असे प्रत्येक छायाचित्रकाराला वाटते. पण अस्वल सर्वांत धोकादायक असते, तेही याच काळात.

या धोक्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. वारा उलटा असला आणि ते वाळवी खाण्यात गुंतलेले असले, तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. शिवाय ज्या रानात वाघ आहे, तेथे पळून जाण्यापेक्षा उभे राहून प्रतिकार करणे, हीच त्याच्या जातीची जगण्याची रीत ठरली आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो. रानालगतच्या गावांतील माणसे, विशेषतः स्त्रिया, उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघतात. त्याच झाडाखाली, त्याच वेळी अस्वलही आलेले असते. दोघेही मान खाली घालून वेचत असतात आणि अवचित समोरासमोर येतात. त्यातून होणाऱ्या जखमा भयंकर असतात. पर्यटकाला जे छायाचित्र हवे असते, त्याच्या मागे कोणाची तरी रोजची भाकरी आणि कोणाचे तरी भय उभे असते, हे ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. एकट्याने न जाता घोळक्याने जाणे, बोलत किंवा काठी वाजवीत चालणे, फटफटीत उजाडल्यावर वेचणीस लागणे, हे साधे उपाय अशा वेळी प्राण वाचवितात.

छायाचित्राच्या दृष्टीनेही अस्वल कठीणच. सर्वांगी काळे केस आणि भोवती सावली. कॅमेऱ्याचा मीटर फसतो, काळ्याला करडे समजून प्रकाश वाढवितो आणि चित्र फिकट येते. अशा वेळी प्रकाशाचे माप थोडे कमी ठेवावे लागते, तेव्हा काळ्याचा काळेपणा टिकतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन केसांच्या कडेवर पडले, तर अस्वल पार्श्वभूमीतून उठून दिसते. छातीवरची इंग्रजी यू किंवा व्ही अक्षरासारखी पांढरट खूण ते दोन पायांवर उभे राहिले तरच नीट दिसते. त्या क्षणासाठी वाट पाहणे योग्य. ते उभे राहावे म्हणून आवाज करणे, गाडी पुढे रेटणे मात्र अयोग्य.

लांडग्याची गोष्ट निराळी. बोरसारख्या सागवनात त्याला शोधणे म्हणजे विहिरीत समुद्राचा मासा शोधणे. तो उघड्या माळाचा, गवताळ रानाचा रहिवासी आहे. रानवाटेवर एकटा-दुकटा दिसलेला कोल्हा किंवा तांबूस अंगाचा, काळ्या झुबकेदार शेपटीचा रानकुत्रा पाहून पुष्कळ जण 'लांडगा दिसला' असे सांगतात. लांडगा कोल्ह्याहून उंच, लांब पायांचा, मातकट रंगाचा असतो. त्याची चाल सैल, एकसारखी आणि न थकणारी असते.

त्याला पाहायचे तर सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू माळांवर जावे लागते. सोलापूरजवळचे नान्नज माळढोकासाठी प्रसिद्ध झाले, पण त्याच गवतात लांडगाही नांदतो. भारतातील लांडग्यांची संख्या सुमारे दोन ते तीन हजार असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कायद्याने त्याला वाघाइतकेच, म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पण वाघाला राखीव रान आहे, लांडग्याला बहुतेक ठिकाणी ते नाही. तो राहतो ती जमीन कागदोपत्री 'पडीक' असते. तेथे कारखाना येतो, प्लॉट पडतात, कधी सद्हेतूने झाडेही लावली जातात. प्रत्येक मोकळ्या जागी झाड लावणे म्हणजे निसर्गसेवा, ही समजूत गवताळ माळाच्या बाबतीत खरी नाही. गवत गेले की काळवीट, चिंकारा, ससा जातो; मग लांडगा मेंढ्यांकडे वळतो आणि मेंढपाळाचा वैरी ठरतो. वस्तीच्या कडेला भटक्या कुत्र्यांशी येणारा संबंध हे आणखी एक संकट. त्यातून रोग येतात आणि संकरही होतो.

लांडग्याची पिलेही बहुधा हिवाळ्यात, ओढ्याच्या काठी किंवा खडकाच्या आडोशाने केलेल्या बिळात जन्मतात. नर-मादी दोघे मिळून त्यांना वाढवितात; शिकारीवरून परतलेला नर पोटातले अन्न ओकून भरवितो. हे कुटुंबजीवन टिपण्याच्या मोहाने छायाचित्रकार बिळाचा ठिकाणा शोधतात आणि एकमेकांना कळवितात. माणसांची ये-जा वाढली की मादी पिलांना तोंडात धरून दुसरीकडे हलविते. भर उन्हात, कुत्र्यांच्या टप्प्यातून होणाऱ्या अशा स्थलांतरात सर्व पिले वाचतीलच असे नाही. म्हणून बिळाचे ठिकाण सांगू नये, चित्रासोबत जागेचा अचूक पत्ता देऊ नये, हा जाणत्यांचा नियम आहे.

सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत विदर्भाच्या रानांत रमले. लांडग्याच्या मुलखातला माणूस अस्वलाच्या मुलखात आला आणि मराठी वाचकाला रानाची भाषा शिकवून गेला. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाची आठवण येथे यासाठी की, त्या पिढीने रान पाहिले ते वही-पेन्सिल घेऊन, तासन्‌तास एका जागी बसून. आज लांब भिंगे आली, प्राणी दुरून जवळ आणता येतो. म्हणजे माणसाने जवळ जाण्याचे कारण कमी व्हायला हवे होते. घडले उलटेच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडविली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

एकेकाळी नाकात वेसण घातलेले अस्वल दारोदारी नाचविले जाई आणि मुले टाळ्या पिटीत. त्या खेळामागची वेदना समाजाला उमगली, कायदा राबविला गेला, खेळ करणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरी उपजीविका मिळावी म्हणून प्रयत्न झाले आणि २००९ च्या सुमारास ही प्रथा भारतातून जवळजवळ संपली. करमणुकीसाठी प्राण्याला वेठीस धरणे चूक, हे तेव्हा पटले. चित्रासाठी त्याची वाट अडविणे हेही त्याच जातीचे वेठीस धरणे आहे, हे अजून पटायचे आहे. चालताना पायाखालच्या जिवाला जपावे, ही शिकवण ज्या घरांत लहानपणापासून मिळते, त्या घरांतील मुलामुलींना हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये.

पावसाळ्याचे तीन महिने गाभ्याचे रान बंद असते. ऑक्टोबरात बोरची दारे पुन्हा उघडतात. दिवाळीच्या सुटीत हिंगणीच्या वाटेने जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना दुर्बीण द्यावी, भडक कपडे टाळावेत, गाडीत शांत बसावे आणि चालकाला 'आणखी जवळ घ्या' असे सांगू नये. एखादे वेळी वारुळाशी गुंतलेले अस्वल दिसेल. त्याने मान वर करून हवा हुंगली, तर आपली चाहूल त्याला लागली असे समजावे आणि तेथेच थांबावे. ते पुन्हा मान खाली घालून खाऊ लागले, तर ती भेट चांगली झाली असे म्हणता येईल.