चिठ्ठी आहे का?

सुरुवातीलाच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. मराठी हा माझा स्कोअरिंग विषय कधीच नव्हता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. 'तारुण्यपीटिका' हा शब्दसुद्धा मला परवाच कळला. होस्टेलवर आपण पिंपल्स म्हणतो, आणि ज्याच्या तोंडावर ते जास्त असतात त्याला काय काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

माझ्या रूम पार्टनरला साधे पिंपल्स नव्हते. गालावर, मानेवर, पाठीवर मोठाल्या दुखऱ्या गाठी होत्या. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग असायचे. आंघोळीहून येताना तो कायम शर्ट घालूनच यायचा. एकदा व्हायव्हाला सरांनी सगळ्यांसमोर "चेहऱ्याला काय झालं रे?" असं विचारलं. सरांच्या मनात काही वाईट नसेल, पण त्या रात्री तो जेवायला मेसमध्ये आला नाही. "पिंपल्सच तर आहेत, जातील" असं म्हणणाऱ्यांसाठी हे आधी लिहितोय.

सेकंड इयरला वरच्या मजल्यावरच्या एका सिनियरने उपाय सांगितला. आयसोट्रेटिनॉइनची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज एक. "अरे, व्हिटॅमिनच आहे ते," असंही म्हणाला. त्याचा स्वतःचा चेहरा स्वच्छ झालेला, म्हणजे पुरावा समोरच उभा! त्याने एक रिकामी पट्टी दिली. पार्टनरला दुकानात जायची लाज वाटत होती, म्हणून मी गेलो. मेडिकलच्या काउंटरवर पट्टी ठेवली आणि म्हणालो, "अशाच तीन द्या." दुकानदाराने दिल्या. "चिठ्ठी आहे का?" हे त्याने विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी थाप मारली असती, नाहीतर पुढच्या दुकानात गेलो असतो. म्हणून सगळा दोष दुकानदारावर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत त्याचे ओठ फाटले. चेहरा सुधारण्याऐवजी आणखी बिघडला. वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना नाकातून रक्त आलं. व्हॉलीबॉल खेळून आला की गुडघे आणि कंबर धरायची. रात्री बाईक चालवताना समोरचं नीट दिसत नाही म्हणाला, तर आम्ही त्याची चेष्टा केली. हे सगळे त्या औषधाचे माहीत असलेले परिणाम आहेत आणि पाकिटातल्या कागदावर ते छापलेले असतात. तो कागद आम्ही दोघांनीही उघडला नव्हता. एरवी साधी ५५५ टायमरची आयसी ब्रेडबोर्डवर लावायच्या आधी आपण डेटाशीट काढून किती व्होल्टेज चालतं ते बघतो. इथे प्रश्न आयसीचा नव्हता, माणसाचा होता!

दुसऱ्या महिन्यात त्याचं डोकं दुखायला लागलं. सबमिशनचं जागरण असेल म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या आणि "डोळ्यांसमोर धूसर होतंय" म्हणाला, तेव्हा मात्र मी घाबरलो. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. तिथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोळ्याच्या आतला भाग तपासला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली औषधं चालू आहेत?"

तेव्हा दुसरी गोष्ट बाहेर आली. गावाकडच्या डॉक्टरांनी पिंपल्ससाठीच डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं होतं आणि तेही तो घेत होता. एकाच आजारावर दोन औषधं, म्हणजे लवकर बरं होणार, असा त्याचा हिशेब. आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातली औषधं एकत्र घेतली तर कवटीच्या आतला दाब वाढू शकतो, डोळ्याच्या नसेला सूज येते आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर नजर कायमची अधू होऊ शकते. म्हणून ती एकत्र देतच नाहीत. गावच्या डॉक्टरांना कॅप्सूल माहीत नव्हती, सिनियरला अँटिबायोटिक माहीत नव्हतं, आणि मला दोन्ही दिसत होती पण कळत काहीच नव्हतं. दोन्ही औषधं बंद केली, उपचार झाले, काही आठवड्यांनी त्याची नजर पूर्ववत झाली. आम्ही सुदैवी.

आता कोणी म्हणेल, म्हणजे हे औषध वाईट. तर तसं अजिबात नाही. १९८२ साली अमेरिकेत ते 'अ‍ॅक्युटेन' या नावाने आलं आणि ज्यांना दुसऱ्या कशानेही गुण येत नव्हता अशा असंख्य लोकांचे चेहरे त्याने बरे केले. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे आणि त्वचेतल्या तेलग्रंथी आक्रसून टाकतं. पण कुळ व्हिटॅमिनचं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. डॉक्टर ते वजनावरून ठरवतात, साधारण किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम. आधी लिव्हरची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करतात आणि नंतर गरजेनुसार पुन्हा करतात. चाचण्यांमध्ये सुमारे २५ टक्के रुग्णांचे ट्रायग्लिसराइड्स बरेच वाढल्याचं औषधाच्या अमेरिकन माहितीपत्रकात नमूद आहे. ते फार वाढले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सिनियरच्या वजनावर ठरलेला डोस पार्टनरच्या पोटात गेला, याला उपचार म्हणत नाहीत.

सगळ्यात गंभीर गोष्ट लिहायला मला थोडं अवघड वाटतंय, पण लिहिणार. गरोदरपणी हे औषध पोटात गेलं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानात, चेहऱ्यात व्यंग येऊ शकतं. अशा बाळांपैकी अंदाजे २० ते ३५ टक्के बाळांना जन्मजात दोष आढळतात. म्हणून अमेरिकेत २००६ पासून नोंदणी केल्याशिवाय ही कॅप्सूल मिळत नाही, आणि ज्यांना गर्भ राहू शकतो त्यांना आधी गर्भचाचणी करावी लागते. औषध चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. लेडीज होस्टेलवरही पट्ट्या या रूममधून त्या रूममध्ये जातात असं ऐकतो. हा विषय लाजेपोटी टाळण्यासारखा नाही.

याच कारणासाठी औषध चालू असताना आणि त्यानंतर एक महिना रक्तदान करायचं नसतं, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. शरीरातून औषध अर्धं व्हायला एक दिवसाच्या आसपास लागतो, तरी महिना थांबायचं. त्याला आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतो. माझ्या पार्टनरने त्या काळात कॉलेजच्या शिबिरात रक्त दिलं होतं. फॉर्मवर 'औषधं चालू आहेत का' याच्यापुढे त्याने 'नाही' लिहिलं. पिंपल्सची गोळी म्हणजे काय औषध आहे का, असं त्याला वाटलं. ती बाटली कुठे गेली हे आम्हाला कधीच कळणार नाही. तो अजूनही मधेच त्याबद्दल बोलतो.

आणखी एक मुद्दा मनाचा. अमेरिकन काँग्रेसचे तेव्हाचे सदस्य बार्ट स्टुपॅक यांच्या मुलाने २००० साली आत्महत्या केली. तो हे औषध घेत होता आणि स्टुपॅक यांनी त्यालाच जबाबदार धरलं. नैराश्याचा इशारा औषधावर त्याआधीच, १९९८ मध्ये आला होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत सरसकट सगळ्यांचा धोका वाढतो असं दिसलेलं नाही, आणि तीव्र पिंपल्समुळेही माणूस खचतोच. तरीही इशारा कायम आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली १८ वर्षांखालच्यांना हे औषध सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती लागेल असा नियम आला. घरी असताना आई ओळखते की पोरगं गप्प गप्प झालंय. होस्टेलवर हे कोण ओळखणार? रूम पार्टनरच. म्हणून कोणी हे औषध घेत असेल तर निदान रूममधल्या एकाला तरी ते माहीत हवं.

आपल्या देशात हे औषध शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. कायदा आहे, पण आपण चार पोरं मिळून तो सहज गुंडाळतो. तेव्हा माझं म्हणणं एवढंच. होस्टेल ऑफिसने वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञाला बोलवावं, पोरं लाजत लाजत का होईना पण जातील. एनएसएसने पुढच्या शिबिरात नुसतं 'औषधं चालू आहेत का' न विचारता 'पिंपल्सची गोळी चालू आहे का' असं स्पष्ट विचारावं. सरांनी व्हायव्हात विषयावरचेच प्रश्न विचारावेत, चेहऱ्यावरचे नकोत. आणि आपण चेष्टा कमी करावी, कारण डॉक्टरकडे जायची लाज त्या चेष्टेतूनच येते आणि मग सिनियरची रिकामी पट्टी सोपी वाटते.

पार्टनरचा चेहरा आता बराच सुधारलाय. सहा महिन्यांपूर्वी त्वचेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून, कमी डोसवर तीच कॅप्सूल सुरू केली. या वेळी अँटिबायोटिक नव्हतं, दर महिन्याला तपासणी होती, आणि तो कागद आम्ही दोघांनी बसून पूर्ण वाचला. शेवटची कॅप्सूल गेल्या आठवड्यात संपली. मेडिकलमध्ये या वेळीही मीच जायचो. दुकान दुसरं होतं. काउंटरवरचे काका दर वेळी चष्मा पुसून विचारायचे, "चिठ्ठी आहे का?" एरवी मला अशा चौकशांचा राग येतो. या वेळी बरं वाटायचं.