हप्ता ठरलेला, धोरण बेभरवशाचे

इथेनॉल पुरवठा वर्ष २०२५-२६ चे वाटप जाहीर झाल्यापासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या डिस्टिलरी विभागांकडून आमच्याकडे एकच तक्रार येते आहे. क्षमता उभी आहे, कर्ज उभे आहे, ऑर्डर मात्र अपुरी आहे. तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटरची मागणी काढली, देशभरातून १,७७६ कोटी लिटरचे देकार गेले आणि वाटप झाले १,०४८ कोटी लिटरचे. त्यात रस, बी-हेवी आणि सी-हेवी मळी मिळून उसाच्या वाट्याला सुमारे २८९ कोटी लिटर आले, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. बाकीचे मुख्यतः मका आणि तांदूळ घेऊन गेले. एकट्या मक्याकडे ४७८ कोटी लिटरहून अधिक गेले.

केंद्राच्या १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने रस, सिरप, बी-हेवी, सी-हेवी यांपैकी कशापासूनही इथेनॉल करण्यावर मर्यादा ठेवलेली नाही. कागदावर मोकळीक पूर्ण आहे. पण करायची परवानगी असून घ्यायला कोणी नसेल तर त्या परवानगीवर बँकेचा हप्ता फिटत नाही.

हे एका वर्षात घडलेले नाही. २०२२-२३ पर्यंत देशातल्या इथेनॉलचा मोठा वाटा उसाचाच होता. त्या वर्षी सुमारे ४३ लाख टन साखर इथेनॉलकडे वळली होती. मग ७ डिसेंबर २०२३ उजाडला. गाळप सुरू होऊन महिना झालेला, तेल कंपन्यांशी करार झालेले, आणि अन्न मंत्रालयाने साखर नियंत्रण आदेश १९६६ च्या आधारे रस व सिरपपासून इथेनॉल करायला तत्काळ बंदी घातली. त्याच दिवशी मुंबईच्या शेअर बाजारात साखर कंपन्यांचे भाव कोसळले. त्याच आठवड्यात कांद्याची निर्यातही बंद झाली. लोकसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती आणि साखरेचा भाव वाढू द्यायचा नाही हे दिल्लीत ठरले होते. आठवड्याने, १५ डिसेंबरला, आदेश सैल झाला: रस आणि बी-हेवी चालेल, पण देशभरात १७ लाख टन साखरेपुरते. पुढे एप्रिलमध्ये पडून राहिलेल्या बी-हेवीच्या ६.७ लाख टन साठ्याला वाट मिळाली. निवडणूक झाली, सरकार बसले, पाऊस चांगला झाला आणि २९ ऑगस्ट २०२४ ला पुढच्या वर्षासाठी सगळे निर्बंध उठले.

दुष्काळाची भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, जत-आटपाडीचा ऊस वाळला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण त्या हंगामात महाराष्ट्रात साखर झाली सुमारे ११० लाख टन, आधीच्या हंगामापेक्षा जास्त. अंदाज चुकू शकतो. चुकलेल्या अंदाजाची किंमत कोणी द्यायची, हा आमचा प्रश्न आहे. ती आजवर फक्त कारखान्याने आणि त्याच्या सभासदाने दिली आहे.

बंदीच्या त्या आठवड्यात डिस्टिलरीत काय झाले हे आदेश काढणाऱ्यांनी एकदा येऊन विचारायला हवे होते. फर्मेंटरमध्ये सिरप चढलेले, यीस्ट तयार, मोलॅक्युलर सिव्ह चालू, टँकर हजारवाडी-मिरजेच्या तेल डेपोकडे निघालेले. सिरपची लाइन पुन्हा पॅनकडे वळवावी लागली. जिथे इथेनॉलच्या भरवशावर बॉयलिंग हाऊसची वाढ टाळली होती, तिथे रोजचे गाळप उतरले आणि ऊसतोडीच्या पाळ्या लांबल्या. सगळ्यात मोठी पंचाईत इन्सिनरेशन बॉयलरची. स्पेंटवॉशचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, थेंब बाहेर सोडायचा नाही ही प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट आपण मान्य केली, त्यासाठी डिस्टिलरीच्या यंत्रांइतकाच डोक्याला ताप देणारा बॉयलर बसवला. तो बॉयलर ठरलेल्या घनतेच्या स्पेंटवॉशवर सलग चालतो. आज चालू, उद्या बंद, आठवड्याने पुन्हा अर्ध्या भाराने, असे केले की ट्यूबवर राख बसते आणि सफाईत दिवस जातात. हे साधे यंत्रशास्त्र आहे, पण ते दिल्लीच्या आदेशात कुठेच दिसत नाही.

हिशोब मांडून पाहा. समजा एखादा कारखाना ६० केएलपीडीचा, म्हणजे रोज ६० हजार लिटर इथेनॉल करणारा, आहे आणि सिरपवर त्याला हंगामाचे १५० दिवस मिळतात. उत्पादन होते ९० लाख लिटर. वाटप आले ४० लाख लिटरचे, तर प्लांट चालणार ६७ दिवस. पगार, घसारा, व्याज मात्र पूर्ण वर्षाचे. बी-हेवी साठवून ऑफ-सीझनला चालवू म्हणावे तर त्याच्याही वाटपाचे तेच.

आणि दर? रसाच्या इथेनॉलचा ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवीचा ६० रुपये ७३ पैसे हा दर २०२२-२३ मध्ये ठरला, तो अजून तिथेच आहे. तेव्हा एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ आहे. टनाला ५०० रुपये वाढले. टनाला ७० लिटर धरले तर लिटरमागे सात रुपयांनी कच्चा माल महागला आणि विक्रीचा दर पैशानेही हलला नाही. मधल्या काळात सी-हेवीला थोडे वाढवून ५७ रुपये ९७ पैसे केले, मक्याला जानेवारी २०२४ मध्येच ७१ रुपये ८६ पैसे दिले. साखरेचा किमान विक्री दर तर फेब्रुवारी २०१९ पासून ३१ रुपयांवर गोठलेला आहे. एफआरपी दरवर्षी वाढवणारे सरकार आणि हे दर न वाढवणारे सरकार एकच आहे. ऊस उत्पादकाला एफआरपी मिळालीच पाहिजे, त्यात पैसाही कमी नको. पण ती ज्या दारातून यायची ते दार सरकारने आपल्या हातात ठेवले आहे: साखरेचा महिन्याचा विक्री कोटा दिल्लीचा, निर्यातीची परवानगी दिल्लीची, इथेनॉलचा दर आणि वाटप दिल्लीचे.

चौदा दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हा नियम आपल्यासाठी मात्र पक्का आहे. एफआरपीचे दोन तुकडे करण्याचा राज्य शासनाचा निर्णयही मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तो निकाल योग्यच आहे. मग सरकारलाही तेवढीच शिस्त लावा.

धोरण असे डळमळले की काय होते, हे शेल वायूच्या धंद्यातही दिसले. ब्रिटनने २०१९ मध्ये शेल वायूचे फ्रॅकिंग थांबवले, सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या पंतप्रधानांनी बंदी उठवली आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांनी ती परत आणली. अशा ठिकाणी पैसा कोण घालणार? गुंतवणूकदार शेअर विकतो आणि दुसरीकडे जातो. रिलायन्सने २०१० पासून अमेरिकेतल्या शेलमध्ये पैसा घातला. गणित जमेना तेव्हा एकेक हिस्सा विकत २०२१ मध्ये बाहेर पडली. कडेगावच्या किंवा कोरेगावच्या सभासदाला ती सोय नाही. त्याचा शेअर बाजारात विकला जात नाही, त्याचा ऊस दूरच्या कारखान्यापर्यंत नेणे परवडत नाही. अनिश्चिततेतून बाहेर पडण्याचा दरवाजाच नसलेला असा गुंतवणूकदार देशात दुसरा नसेल, आणि धोरण ठरवताना त्याचाच विचार सर्वात शेवटी होतो.

आता दिल्लीने नवा उपाय सुचवला आहे. मार्च २०२५ च्या योजनेप्रमाणे सहकारी कारखान्यांनी आपली डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालेल अशी करून घ्यावी. कर्जावर सहा टक्के किंवा निम्मे व्याज, यातले जे कमी ते सरकार पाच वर्षे भरेल, त्यातले एक वर्ष हप्त्याच्या सवलतीचे. २०१८ मध्ये उसाच्या डिस्टिलऱ्या उभ्या करतानाही अगदी असेच सांगितले होते. तेव्हा साखर जास्त होती म्हणून उसाचे इथेनॉल हवे होते. आज मका हवा आहे. उद्या पोल्ट्रीवाल्यांनी मक्याच्या भावावर आंदोलन केले, तांदळाच्या गोदामांचा साठा उतरला किंवा कुठल्या मोठ्या राज्याची निवडणूक आली, तर काय हवे असेल हे आज कोणी लिहून देणार आहे का? नसेल तर मिलिंग, लिक्विफॅक्शन आणि डीडीजीएसचा (धान्याच्या उरलेल्या चोथ्याचा) ड्रायर यांच्यासाठी दुसरे कर्ज काढायचे कशाच्या जोरावर? मागणीच्या दीडपटीहून अधिक देकार आधीच बाजारात आहेत, त्यांत धान्याच्या डिस्टिलऱ्यांचेच मोठे.

आपल्याकडचीही चूक स्पष्ट बोलली पाहिजे. शेजारच्या कारखान्याने क्षमता वाढवली म्हणून आपणही वाढवायची, वार्षिक सभेत टाळ्या घ्यायच्या आणि प्रकल्प अहवालात सलग ३३० दिवसांचे उत्पादन दाखवायचे, हे या दोन जिल्ह्यांत सर्रास झाले. निविदेच्या अटी वाचून मुदतीत हरकत नोंदवणारे कारखाने मोजके. नुकसानीचे आकडे मागितले की कार्यकारी संचालक टाळतात, कारण आकडे बाहेर गेले तर पुढच्या पंचवार्षिक निवडणुकीत विरोधी पॅनेल ते वापरेल ही अध्यक्षांना भीती. आकडेच नसतील तर साखर संघाचे शिष्टमंडळ दिल्लीत काय घेऊन बसणार?

कृष्णा, वारणा, कोयना आणि येरळा या नद्यांच्या काठांवर वेगवेगळ्या पक्षांचे लोक कारखान्यांच्या अध्यक्षपदी आहेत. ते विधानसभेत समोरासमोर बसतात. या एका विषयात त्यांचे हित वेगळे नाही. आमची त्यांना कळकळीची विनंती आहे की पुढची निविदा निघण्याआधी दोन्ही जिल्ह्यांच्या कारखान्यांनी, सहकारी असोत वा खासगी, एकत्र बसावे आणि एकच निवेदन द्यावे. पुरवठा वर्ष सुरू झाल्यावर कच्च्या मालावर बंदी घालायची नाही. घातलीच तर करार झालेल्या मालाची किंमत आणि त्या काळातले व्याज सरकारने भरायचे. रस आणि बी-हेवीचा दर एफआरपीला सूत्राने बांधायचा, मंत्रिमंडळाच्या मर्जीला नाही. तेल कंपन्यांनी उसाच्या इथेनॉलसाठी निदान पाच वर्षांचे किमान खरेदीचे प्रमाण लेखी द्यायचे. बंदीचा २०२३-२४ चा काळ व्याज सवलतीच्या पाच वर्षांतून वगळायचा.

प्रत्येक कारखान्याने ७ डिसेंबर २०२३ पासून आजपर्यंत डिस्टिलरी किती दिवस बंद राहिली, वाटप किती मागितले आणि किती मिळाले, लिटरमागे खर्च किती आला, हे संचालक मंडळाच्या सहीने साखर संघाकडे, खासगी असेल तर विस्मा या खासगी कारखान्यांच्या संघटनेकडे पाठवावे आणि त्याची प्रत आमच्याकडे द्यावी. नावे छापणार नाही, एकत्रित आकडे छापू.

आणि जोवर तेल कंपनीचा लेखी, बहुवार्षिक करार हातात येत नाही, तोवर मक्याच्या यंत्रसामग्रीसाठी कोणाही सहकारी कारखान्याने कर्जाचा ठराव करू नये. जिल्हा बँकेनेही तसा ठराव आला तर करार दाखवा म्हणून परत पाठवावा.