डिकीवरचा पंख

दिवाळीच्या सुट्टीत वैजापूरला गेले. अंगणात पाऊल टाकलं न टाकलं तोच दादाने हातात मास्किंग टेपचं टोक दिलं. 'कशी आहेस', 'बस तरी' वगैरे काही नाही. "घट्ट धर. हलू नको." खांद्यावर बॅग तशीच, आणि मी काकांच्या कॉन्टेसाच्या डिकीवर वाकलेली. टेपने डिकीचा बरोब्बर मध्य काढणं चालू होतं. बाजूला जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. मला वाटलं पडद्याचा रॉड. चादर उघडली तर आत स्पॉयलर! काळाभोर, फायबरचा, दोन पायांवर उभा.

"कसाय?" दादा.

मी म्हटलं, "सॉलिड. पण कशाला?"

झालं. हा प्रश्न विचारायचा नसतो. त्यानंतरचा एक तास माझ्या डोक्याला जो शॉट लागलाय, त्यातला निम्मा तरी तुमच्याशी शेअर केलाच पाहिजे.

तर कॉन्टेसा. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म नव्वदीतला असेल त्यांना ती हिंदी सिनेमातल्या व्हिलनची गाडी म्हणून आठवेल. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती बनवली. बॉडी होती व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हिक्टरची. चौकोनी तोंड, लांबच लांब बॉनेट, साडेचार मीटरपेक्षा जास्त लांबी. मारुती ८०० तिच्या शेजारी उभी केली की खेळण्यातली वाटायची. म्हणूनच आपल्याकडे तिला 'देशी मसल कार' म्हणतात. आता खरं सांगायचं तर मसल म्हणावं असं आत फारसं काही नव्हतं. सुरुवातीच्या गाड्यांना अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. पैलवानाच्या अंगात शाळामास्तरचं काळीज! नंतर इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आलं, ८८ हॉर्सपॉवरचं, आणि मग ती 'कॉन्टेसा क्लासिक' जरा पळायला लागली. काकांची १९९५ची, हीच. एमएच-२० नंबरची.

काका गेले त्याला आता तीन वर्षं झाली. गाडी शेडमध्ये उभीच होती. दादा वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला. महिन्यातून एकदा येतो, सेल्फ मारतो, गावातून एक चक्कर मारून रोटेगाव स्टेशनपर्यंत जातो आणि परत झाकून ठेवतो. या दिवाळीला त्याने ठरवलं होतं, की गाडी 'पूर्ण' करायची. म्हणजे स्पॉयलर.

आता स्पॉयलरचा फंडा. कारचा आकार साधारण विमानाच्या पंखासारखा, वरून फुगीर आणि खालून सपाट. वेग वाढला की हवा तिला वर उचलायला बघते. मागची चाकं हलकी होतात, गाडी 'तरंगते'. डिकीच्या कडेला आडवी पट्टी लावली की हवेचा तो गुळगुळीत प्रवाह बिघडतो, म्हणून स्पॉयलर, बिघडवणारा. उंच दांड्यांवर उभा असतो तो पंख. तो तर विमानाचा पंख उलटा करून बसवल्यासारखाच, गाडीला खाली दाबणारा. यातली गोम अशी की हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४० च्या स्पीडला जो दाब मिळेल त्याच्या नऊपट १२० ला. उलट वाचा: वैजापूरच्या बाजारपेठेत कांद्याच्या ट्रॅक्टरमागे २० च्या स्पीडने जाताना स्पॉयलर म्हणजे फक्त कपडे वाळत घालायची सोय.

अमेरिकेत १९६९ साली डॉजने चार्जर डेटोना आणली तेव्हा तिच्या डिकीवरचा पंख जवळपास दोन फूट उंच होता. दिसायला वेडपट, पण २४ मार्च १९७० ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकर नावाच्या गड्याने तीच गाडी ताशी २०० मैलांच्या पुढे नेली. बंद ट्रॅकवर तो आकडा पहिल्यांदाच ओलांडला गेला. त्या गाडीत इंजिन सात लिटरचं! दादाने हा किस्सा मला फोटो दाखवून सांगितला. मी मनातल्या मनात १.८ ला सातने भागलं आणि गप्प बसले.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने. कॉन्टेसाला इंजिनचा जोर मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे मागून दाब देण्यात काही अर्थ तरी आहे. पुढच्या चाकांवर पळणाऱ्या हॅचबॅकला मागे भलामोठा पंख लावून फिरणारी आपली पुणेरी मित्रमंडळी बघा. असो, नावं घेत नाही.

बसवणं हे दिसतं त्यापेक्षा जाम किचकट प्रकरण. आधी डिकी धुवायची, टेपने मध्य काढायचा, स्पॉयलरच्या पायांचा ठसा कागदावर घेऊन तो कागद डिकीवर चिकटवायचा. मग पंचने खूण, बारीक ड्रिल, मग मोठं ड्रिल. भोकाच्या उघड्या कडेला लगेच प्रायमर लावायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज. पायाखाली रबर, बोल्टभोवती सिलिकॉन, आणि आतून रुंद वायसर, म्हणजे पत्रा ओढला जाऊन दबणार नाही. शिवाय झाकणाचं वजन वाढतं, ते वर धरून ठेवणारी यंत्रणा तेवढ्या वजनासाठी केलेली नसते. दादा डिकी उघडायचा, वर स्पॉयलर ठेवायचा, आणि झाकण हळूच खाली येऊन त्याच्या डोक्यावर टेकायचं. तीनदा.

डबल टेपने चिकटवता येत नाही का, असं मी विचारलं. हलकी पट्टी असेल तर येतं म्हणे. पण एवढा मोठा पंख आणि तीस वर्षांचा रंग. टेप रंगाला धरणार आणि रंग पत्र्याला धरेलच याची गॅरंटी नाही. म्हणजे भोक पाडणं आलंच. चार भोकं.

ड्रिलची वायर खिडकीतून बाहेर आली तेव्हा काकी चहा घेऊन आल्या. या गाडीवर काकांनी कधी भाजीची पिशवी टेकवू दिली नव्हती. लग्नाच्या वरातीला गाडी द्यायचे, पण फुलं चिकटवायला बंदी. धागा बांधा म्हणायचे, सेलोटेप नाही. हे सगळं काकी बोलल्या नाहीत हं, मला आठवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाड की भोकं. गाडी तुझीच आहे आता."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दादाने ड्रिल खाली ठेवलं. चहा प्यायला. मग उगाच काहीतरी करायचं म्हणून मागचं चाक बघायला खाली बसला.

आणि तिथे खरी गंमत झाली. टायरच्या बाजूवर एक छोटा लंबगोल असतो, त्यात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे होतं २३१२. म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. टायर दिसायला नवाकोरा! नक्षी खोल, कारण गाडी फिरलीच किती? पण रबर वापरून जितकं मरतं तितकंच नुसतं उभं राहूनही मरतं. वाकून पाहिलं तर कडेला केसाएवढ्या भेगा. चारही चाकं तशीच, आणि स्टेपनी त्याहून जुनी.

हे मी इतकं रंगवून का सांगतेय? कारण दुसऱ्या दिवशीचा प्लॅन होता समृद्धी महामार्ग. वैजापूर तालुक्यात जांबरगावला चढायचं आणि शिर्डीला उतरायचं. तिथे कारला १२० ची मर्यादा. स्पॉयलरचा 'टेस्ट' म्हणे! रस्ता सरळसोट, काँक्रीटचा. गार हवेतही वेगाने टायर तापतो. याच जांबरगावच्या टोलनाक्याजवळ १५ ऑक्टोबर २०२३ ला मिनीबस ट्रकवर आदळून बारा जण गेले होते. त्यात टायरचा विषय नव्हता, पण तेव्हापासून घरात 'समृद्धी' शब्द निघाला की काकी टीव्हीचा आवाज कमी करतात. आणि आम्ही निघालो होतो तेरा-चौदा वर्षांच्या रबरावर बसून, मागे पंख लावून.

संध्याकाळी गावातले एक जुने मिस्त्री आले, काकांच्या वेळचे. त्यांनी मागचं चाक काढून ड्रम उघडला, आत बोट फिरवलं आणि काळं बोट दादाला दाखवलं. "साहेब, हिला पळवायचं नंतर बघू. आधी थांबवा."

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडक शब्दांत पुन्हा सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या एकेका बदलाला पाच हजारांचा दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बोल्टने लावलेला स्पॉयलर त्यात बसतो की नाही यावर दादा वकिलासारखा भांडू शकतो. पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी २०२५च्या ऑगस्टमध्ये दहा हजार झाली. तिथे समोरच्या साहेबांशी भांडायची हौस कुणाला?

यावर मी त्याला माझा एक किस्सा ऐकवला. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये ३.० सीएसएलची पंखवाली आवृत्ती काढली, जिला लोक 'बॅटमोबाईल' म्हणतात. तिचा मागचा पंख जर्मनीत रस्त्यावर चालवायला परवानगीच नव्हती. मग कंपनी काय करायची? पंख डिकीत ठेवून गाडी विकायची. घरी जाऊन ज्याचं त्याने बघावं!

दादा खूप वेळ हसला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मला ओवाळणीत पाचशे रुपयेच मिळाले, कारण बाकीचे पाच टायर आणि ब्रेक-शूजमध्ये गेले होते.

समृद्धीवर गेलो, पण पंधरा दिवसांनी. मी त्यासाठी पुण्याहून परत आले. काकी पुढच्या सीटवर, मी मागे. स्पीड ८० च्या पुढे दादाने नेलाच नाही. खिडकीच्या रबरातून वारा शिट्टी मारत होता, आणि काकी अर्धा रस्ता डोळे मिटून होत्या. झोपल्या असतील असं मला वाटलं. शिर्डीच्या टोलला एका मुलाने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, कुठल्या कंपनीची?" काकींनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "आमच्या ह्यांची."

स्पॉयलर चादरीत गुंडाळून डिकीत होता. प्रत्येक वळणाला तो आत आपटायचा, आणि दादा दर वेळी म्हणायचा, "फेब्रुवारीत बघू."