रोजच्या या वस्तूंमध्ये काटकसर नको

टीव्ही घ्यायचा असला की घरातले सगळे मिळून चार दुकानं फिरतात. रिव्ह्यू वाचतात, ईएमआयचा हिशोब करतात आणि चाळीस हजारांचा टीव्ही दिवाळीला घरी येतो. आता कुकर बदलायचा विषय काढून बघा. ‘‘अजून चालतोय ना? मग कशाला?’’ विषय तिथेच संपतो. टीव्ही बंद पडला तर एखादी मालिका चुकेल, कुकरने दगा दिला तर हात भाजेल, एवढा साधा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

बहुतेक घरांमध्ये पाहुण्यांना दिसतं त्यावर खर्च होतो. जे ओट्याखाली असतं किंवा फक्त घरातल्या बाईच्या वापरात असतं, तिथे मात्र ‘चालतंय तोवर चालू दे’. सगळंच महागडं घ्या असं मी अजिबात सांगणार नाही. माझ्या वयाच्या कितीतरी जणांचा अर्धा पगार घरभाड्यातच जातो. पण खरेदीला निघताना दोन प्रश्न स्वतःला जरूर विचारा. ही वस्तू बिघडली तर नुकसान पैशांचं होईल की शरीराचं? आणि ती दिवसातून किती तास वापरात असेल?

ओट्याखाली वाकून बघा

गॅसची नळी शेवटची कधी बदलली, हे तुम्हाला आठवतंय का? गॅस एजन्सीकडे मिळणारी केशरी रंगाची ‘सुरक्षा’ नळी आतून स्टीलच्या तारेने मजबूत केलेली असते. साध्या रबरी नळीसारखी ती उंदराने सहज कुरतडली जात नाही. तिच्यावर मुदत छापलेली असते आणि दर पाच वर्षांनी ती बदलायची असते. किंमत दोनशे रुपयांच्या आसपास, म्हणजे दोघांनी बाहेर खाल्लेल्या डोशांपेक्षाही कमी. तरीही कितीतरी ओट्यांखाली बाजारातून मीटरवर कापून आणलेली हिरवी रबरी नळी दिसते, वर तिला मळू नये म्हणून प्लॅस्टिक गुंडाळलेलं! नळी झाकली की तिला पडलेली भेग दिसतच नाही. ती उघडीच ठेवा आणि अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करा.

कुकरच्या बाबतीत तर सरकारनेच नियम केला आहे. 2021 पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. तरीही आठवडी बाजारात आणि ऑनलाइन सेलमध्ये चिन्ह नसलेले कुकर अजून दिसतात. नुसतं चिन्ह बघून थांबू नका, कारण स्टिकर कुणीही छापू शकतं. खऱ्या चिन्हाच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी तो ‘आयएस 2347’ आहे आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी अॅप घ्या आणि हा क्रमांक त्यात टाका. परवाना कुणाच्या नावावर आहे, तो चालू आहे की संपला, हे लगेच समजतं. दुकानदारासमोर उभं राहून हे करायला संकोच वाटेल, पण करा.

चांगला कुकर घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यात वीस रुपयांची लोकल रिंग बसवली, तर जास्तीचे पैसे पाण्यातच गेले म्हणायचे. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे कुकरच्याच कंपनीचे घ्या. आतलं पाणी आटून कुकर जास्त तापला की सेफ्टी व्हॉल्व्हमधला भाग वितळतो आणि वाफ बाहेर पडते. म्हणजे स्वतः जळून तो तुम्हाला वाचवतो. तिथे बनावट भाग बसवला, तर तो वेळेवर उडेलच याची काय खात्री?

हीटरसाठी कोणता बोर्ड?

उत्तरेत किंवा मध्य भारतात राहणाऱ्या वाचकांनो, हे खास तुमच्यासाठी. थंडी सुरू झाली की हीटर निघतो आणि भिंतीवरचं सॉकेट लांब असतं म्हणून दीडशे रुपयांचा एक्स्टेंशन बोर्ड येतो. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट ओढतो. तो स्वस्तातला बोर्ड बहुधा 6 अँपिअरचा असतो. मोठा प्लग त्यात बसत नाही, मग कन्व्हर्टर लावला जातो. आतली बारीक वायर तापते आणि ती बऱ्याचदा गादीच्या किंवा पडद्याच्या जवळून गेलेली असते. हीटर आणि गीझर थेट भिंतीवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. जवळ सॉकेट नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून नवं काढून घ्या. बोर्ड फक्त मोबाइल, लॅपटॉप, टेबललॅम्प यांच्यासाठी वापरा आणि तोही आयएसआय चिन्हाचाच घ्या.

हेल्मेटबद्दल कमी शब्दांत सांगते. जून 2021 पासून दुचाकीचं आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत मिळतं ते पोलिसाला दाखवण्यापुरतं असतं. आणि हो, एकदा जोरात आपटलेलं चांगलं हेल्मेटही बदलावं लागतं. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दाबला जातो, तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पंख्याचं गणित

जास्त किंमत मोजून पैसे वाचतात, असं म्हटलं की घरातली मोठी माणसं हसतात. त्यांना हा हिशोब दाखवा. साधा जुना पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण 30 वॅट. फरक 45 वॅटचा. रोज 12 तास आणि वर्षातले 300 दिवस धरले तर वर्षाला 162 युनिट वाचतात. युनिटला 7 रुपये धरा, 1134 रुपये झाले. साध्या नव्या पंख्यापेक्षा हा हजार-दीड हजाराने महाग असतो, म्हणजे वरचे पैसे वर्ष-दीड वर्षात वसूल. पुढे बचतच. जानेवारी 2023 पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, तेही बघून घ्या.

भाड्याच्या घरात राहत असाल तर म्हणाल, पंखा घरमालकाचा, मी का बदलू? पण बिल तुमच्या नावाने येतं. तुमचा पंखा लावा, मालकाचा माळ्यावर ठेवा आणि घर सोडताना अदलाबदल करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

महाग म्हणजे चांगलं असं नाही

कधीकधी चांगली वस्तूच स्वस्त असते. लोखंडी तवा घ्या. हलक्या प्रतीच्या नॉनस्टिक तव्याचा थर वर्षभरात निघू लागतो, शिवाय तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नये. साध्या लोखंडी तव्याला दोन-चार वेळा तेल पाजलं की डोसाही सुटून येतो आणि तवा सुनेपर्यंत टिकतो. (किंवा जावयापर्यंत. भाकरी कुणीही भाजावी!)

स्टीलच्या डब्यात आणि पाण्याच्या बाटलीत मात्र थोडे जास्त मोजा. 304 ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. दिसायला दोन्ही सारखंच चकचकीत, पण लोणचं, मीठ किंवा ताक ठेवलं की स्वस्त डब्यावर डाग आणि खड्डे लवकर पडतात.

मीठ, साखर, फरशी पुसायचं लिक्विड, मुलांच्या शाळेच्या वह्या यांमध्ये खुशाल स्वस्त घ्या. टूथब्रशही मऊ केसांचा असला की पुरे. तीन-चार महिन्यांनी तो फेकायचाच असतो.

आईच्या पायात काय आहे?

शेवटी आणि माझ्या मते सर्वात आधी घ्यायची वस्तू, चपला. मुलाच्या स्पोर्ट्स शूजला तीन हजार सहज निघतात. आई दिवसातले पाच-सहा तास ओट्यापाशी टाइल्सवर उभी असते, अनवाणी किंवा तळ झिजून कागदासारख्या पातळ झालेल्या स्लिपरमध्ये. मग टाच दुखते, रात्री तेल चोळलं जातं आणि ‘वयच झालं’ म्हणून विषय संपतो. चांगला जाड, फार मऊही नाही असा तळ, टाचेला थोडा उंचवटा आणि ओल्या फरशीवर न घसरणारी पकड असलेली चप्पल हजार-बाराशेत येते. त्यातून टाचदुखी राहिलीच तर डॉक्टरांना दाखवावं.

पुढच्या वाढदिवसाला साडीऐवजी हीच भेट द्या. ती ‘‘मला काय करायच्यात एवढ्या महागाच्या?’’ असं नक्की म्हणेल, म्हणून विचारत बसू नका. तिला सोबत घेऊन जा आणि संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, त्या वेळी बसलेली चप्पल नंतर टोचत नाही. दोन्ही पायांत घालून तिला दुकानात चार फेऱ्या मारू द्या आणि किमतीचं लेबल तिच्या हाती लागण्याआधी काढून टाका.